खुडूक कोंबडीने शिकवलेला धडा
(महिला मेळाव्यातील भाषण)



सातपुड्यातल्या पाड्यांवर मी कोंबडीपालन शिकवायला गेले, तेव्हा खुडूक कोंबडी मला नुकसानच वाटे. ती बसली की अंडी बंद. मी सांगे, "गवत न घालता हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खुडूक मोडेल." बायांनी ऐकले. अंडी वाढली. पण पावसाळ्यात मानमोडीने कोंबड्या गेल्या आणि मागे एकही पिलू नव्हते. एक आजी म्हणाल्या, "ताई, बसणारीला तू उठवलंस. आता खुराडं कोण भरणार?"

मला उत्तर नव्हते.

आता आम्ही निवड करतो. पिले नीट सांभाळणाऱ्या देशी कोंबडीला टोपलीत राख आणि गवत घालून दहा-बारा ताजी अंडी देतो. ती रोज एकदा दाणापाण्याला उठते. सातव्या रात्री अंडी दिव्यासमोर धरून निर्जीव तेवढी काढतो. 21 दिवसांनी पिले निघतात. बाकीच्या खुडूक कोंबड्यांना मात्र उठवतो.

मत्तय 23:37 मध्ये प्रभूने स्वतःसाठी हेच चित्र का निवडले, ते मला त्या खुराड्यापाशी उमगले.

पण मानमोडीपुढे आईचे पंख पुरत नाहीत. पहिल्या आठवड्यात पिलांच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब घालावा लागतो, आणि ती लस पाड्यापर्यंत थंडच पोहोचली पाहिजे. म्हणून यंदा आम्हांला पिले देऊ नका, बर्फाची पेटी द्या. पिले आमच्या कोंबड्या देतील.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.