शाळेची वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणाची चर्चा करताना आपण शाळेच्या इमारतीविषयी बोलतो, शिक्षकांविषयी बोलतो. परंतु घराच्या उंबरठ्यापासून शाळेच्या दारापर्यंतच्या वाटेविषयी सहसा बोलत नाही. वस्तुतः कोणाचे मूल शिकणार आणि कोणाचे घरी राहणार, हे पुष्कळदा त्या वाटेनेच ठरविले आहे, असे आम्हांस वाटते.

सन 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांना वाटेत शेणमातीचा मारा सोसावा लागला. शिकविणारीची ही गत, मग शिकणारीची काय कथा!

खेड्यातील अडचण अंतराची होती. पाटी-दप्तर सांभाळीत कोस-दोन कोस पायपीट करावयाची आणि ओढ्याला पूर आला की शाळा बुडावयाची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून ही पायपीटच संपविली. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. पुढे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धावली आणि हळूहळू तालुक्याचे हायस्कूल खेड्याच्या आवाक्यात आले. कालांतराने अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी एस्. टी.चा प्रवास विनामूल्य झाला.

शहरात चित्र निराळे आहे. शाळा हाकेच्या अंतरावर असली तरी रहदारीच्या भयाने मुले रिक्षांत दाटीने बसून जातात. शालेय बसगाड्यांच्या सुरक्षिततेसाठी राज्यात 2011 मध्ये स्वतंत्र नियम झाले, हे इष्टच. तथापि पायी जाताना लाभणारी सोबत्यांची संगत त्यांतून मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. नववीपासून हे बंधन नाही; आणि "एवढ्या लांब पोरीला कशी पाठवावी?" हा प्रश्न घरोघरी तेथेच उभा राहतो.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर साऱ्या गावाने मिळून एस्. टी.च्या आगारप्रमुखांकडे अर्ज करावा. सायंकाळी थांब्यावरून मुलींना घरी आणण्याची पाळी पालकांनी वाटून घ्यावी. शहरातील शेजाऱ्यांनीही मुलांना एकत्र, पायी पोहोचवावे. हे काम एका ज्ञातीपुरते नाही. वाट सर्वांचीच आहे.

आज आपण येथे गुणवंतांचा सत्कार करीत आहोत. वाट लांब म्हणून ज्या मुलींची शाळा सुटली, त्यांच्या घरी पुढील संमेलनापूर्वी प्रत्येकाने एकदा तरी जाऊन यावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.