वापरलेलें सामान आणि डोंगरवाट

पावसाळा सरत आला कीं महाराष्ट्रांतील तरुणांचीं पावलें सह्याद्रीकडे वळूं लागतात. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हीं नांवें ज्याच्या त्याच्या तोंडीं येतात, बेत ठरतात; आणि मग एखादा विद्यार्थी हळूच म्हणतो, "तुम्ही जा, मला जमणार नाहीं." त्याला वेळ नसतो असें नाहीं, उत्साहाचीहि वाण नसते. बूट, सॅक, झोपण्याची पिशवी, गरम कोट यांच्या किंमती ऐकून तो मागें सरलेला असतो. त्या विद्यार्थ्यासाठीं मी आज बोलणार आहें. वापरलेलें सामान विकत घेण्यांत कमीपणा नाहीं, उलट शहाणपण आहे. मात्र त्या शहाणपणालाहि एक मर्यादा आहे, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

कमीपणाची गोष्ट प्रथम घेऊं. 29 मे 1953 रोजीं तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. तेव्हां त्यांच्या गळ्याभोंवतीं रेमंड लँबर्ट या स्विस गिर्यारोहकाचा तांबडा गळपट्टा होता, आणि डोक्याला अर्ल डेनमन यांनीं दिलेली कानटोपी होती. डेनमनबरोबर 1947 सालीं व लँबर्टबरोबर 1952 सालीं ते त्याच पर्वतावर गेले होते व दोन्ही वेळां माथा न गांठतां परतले होते. जगांतील सर्वांत उंच शिखरावर जातांना त्यांना दुसऱ्याचें वस्त्र अंगावर घेण्याची लाज वाटली नाहीं. मग राजगडावर जातांना आपण कां लाजावें?

आतां शहाणपणाविषयीं. माझी पहिली सॅक मीं पुण्याच्या जुन्या बाजारांत घेतली. तिचा डावा पट्टा उसवलेला होता. कोपऱ्यावरच्या चांभारानें तो मेणदोऱ्यानें शिवून दिला, आणि त्या सॅकनें पुढें दहा वर्षें माझें ओझें वाहिलें. नव्या वस्तूचा दोष पुष्कळदां डोंगरावर गेल्यावर कळतो. जुन्या वस्तूचा दोष बहुधा विकत घेतांनाच दिसतो. कच्ची शिवण आधींच उसवलेली असते. तेव्हां पैसे वांचतातच, पण कसास लागलेली वस्तूहि हातीं येते. शिवाय जी वस्तू आपण वापरतों, ती उकिरड्यावर जात नाहीं, हा लाभ निराळाच.

मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावें. सॅकचे पट्टे ओढून पहावे, चेन दोनचार वेळां लावून उघडावी. पिसांची झोपण्याची पिशवी मुठींत दाबून सोडावी. ती पुन्हां फुगली तर तिच्यांत ऊब शिल्लक आहे. तंबू पुरता उलगडून आंतल्या बाजूवरून हात फिरवावा. ती चिकट लागली व आंबूस वास आला, तर पाणी अडविणारा लेप उतरूं लागला असें समजावें. बुटांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला बूट अगदीं नवा दिसतो. पण पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेन असतें, आणि तें हवेंतील ओलाव्यानें न वापरतांहि झिजतें. मग ऐन उतरणीवर तळ सुटून हातांत येतो. म्हणून बूट वांकवून भेगा पहाव्या, आणि तो किती वर्षांपूर्वीं घेतला हें अवश्य विचारावें.

आणि आतां ती मर्यादा. एकदां एका गृहस्थांकडून मीं कडे चढण्याचा नायलॉनचा दोर फार स्वस्तांत घेतला आणि मोठ्या ऐटीनें आमच्या संघांतील वडीलधाऱ्यांना दाखविला. त्यांनीं विचारलें, "हा कोणीं वापरला? किती वर्षें? यावर कोणी पडलें होतें काय?" मला एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां येईना. त्यांनीं सुरी घेतली, माझ्यादेखत त्याचे तुकडे केले, आणि म्हणाले, "घे, आतां हा कपडे वाळत घालायला चांगला." महिन्याभराची माझी पुंजी जमिनीवर पडली होती. मी रागावून घरीं आलों.

राग पुढें निवळला, कारण त्यांचें म्हणणें मला कळलें. उन्हानें, आम्लाच्या स्पर्शानें, जोराच्या हिसक्यानें नायलॉन दुबळा होतो, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. न वापरलेला दोरहि दहा वर्षांनंतर बाद करावा, असें दोर बनविणारे सांगतात. कमरेचा हार्नेस व पट्टे यांची गोष्ट तीच. शिरस्त्राणाला एक मोठा तडाखा बसून गेला असला, तर आंतली चीर बाहेरून ओळखूं येत नाहीं. तेव्हां नियम सोपा आहे: जें अंगावर घालावयाचें, पाठीवर वाहावयाचें किंवा ज्याखालीं निजावयाचें, तें पारखून जुनें घ्यावें, ज्यावर जीव टांगावयाचा, तें नवेंच घ्यावें. सॅकवर वांचलेले पैसे दोरासाठीं ठेवावे.

शेवटीं एक विनंति ज्यांचे डोंगर चढण्याचे दिवस मागें पडले त्यांना. आपल्या माळ्यावर एखादी सॅक, एखादा तंबू धूळ खात पडला असेल. तो खालीं काढा, उन्ह दाखवा, आणि वाजवी किंमतींत एखाद्या मुलाला द्या. देतांना तो कोठें कोठें हिंडला, कोठें फाटला, कसा शिवला, हें सारें सांगा. त्या माहितीवर त्याला तो निर्धास्तपणें वापरतां येईल, आणि या हिंवाळ्यांत "मला जमणार नाहीं" असें म्हणण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.