रुग्णालयाच्या दारी दुसरे माणूस हवे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने संस्कृती, साहित्य अथवा मातृभाषेचे जतन असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. आज मी त्या संकेताला थोडी बगल देणार आहे. माझा विषय साधा आहे. काहींना तो क्षुल्लकही वाटेल. पीण्यातील आपल्या घरून आजारी माणसाला मोटारीने रुग्णालयात न्यावयाचे, दिलेल्या वेळेला पोहोचावयाचे आणि गाडी परवडेल अशा जागी उभी करावयाची, एवढाच तो विषय. परंतु ज्यांच्या घरी मधुमेहाचा, हृदयविकाराचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांना विचारून पाहावे. डॉक्टरांच्या खोलीतील दहा मिनिटांपेक्षा त्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचण्याचीच धास्ती त्यांनी अधिक घेतलेली असते.

आपण ह्या शहरात का आलो, हे प्रथम आठवावे. १९४६ साली येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली, १९५३ साली एचएमटी आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स. पुढे सत्तरीच्या दशकापासून तुमकूर रस्त्याच्या कडेला पीण्याची औद्योगिक वसाहत उभी राहत गेली. लेथ, मिलिंग, ओतकाम, हत्यारे ह्यांचे ज्ञान असलेली माणसे बेळगाव, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून आली आणि येथलीच झाली. येताना आपण तरुण होतो. दुखणे ही गोष्ट तेव्हा आपल्या हिशेबात नव्हती. आता आपल्यापैकी कित्येकांची साठी उलटली आहे, आणि गावाकडील वृद्ध आईवडीलही औषधपाण्यासाठी मुलांकडे येऊन राहिले आहेत.

गावाकडे दुखणे आले म्हणजे काय होत असे? मिरजेला डॉ. वानलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय काढले. अशा ठिकाणी खेड्यापाड्यांतून रुग्ण बैलगाडीने आणला जाई आणि गाडीसोबत चार माणसे असत. एक बैल सोडी, एक पाणी आणी, एक रुग्णाचे डोके मांडीवर घेऊन बसे आणि एक डॉक्टरांशी बोले. बंगळुरात आपल्याजवळ बैलगाडीपेक्षा कितीतरी वेगवान वाहन आहे. ती चार माणसे मात्र नाहीत. मुलगा कंपनीत, सून कचेरीत, नातवंडे शाळेत. सुट्टी मिळते ती एकालाच, आणि त्या एकाला चौघांची कामे करावी लागतात.

आता रस्त्याकडे वळू. पीण्याहून शहरात जावयाचे म्हणजे तुमकूर रस्ता आणि गोरगुंटेपाळ्याचा चौक ह्यांना टाळता येत नाही. अवजड लॉऱ्या, परगावच्या बसगाड्या आणि कारखान्यांच्या पाळ्या ह्यांचा भार तो रस्ता वाहतो. त्यावरचा उड्डाणपूल २०१० साली खुला झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या ताणतारांत दोष आढळल्यामुळे तो सर्वच वाहनांना बंद झाला. हलक्या वाहनांना तो फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला, तर अवजड वाहनांना २०२४ च्या जुलैअखेर, तोही काही निर्बंधांसह. मधल्या काळात खालच्या रस्त्याची काय दशा झाली, ते येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. ह्यातून घ्यावयाचा धडा असा की, मल्लेश्वरम् किंवा यशवंतपूर किती किलोमीटर आहे हे विचारू नये. त्या दिवशी, त्या वेळी किती मिनिटे लागतील हे विचारावे. आणि त्या मिनिटांत गाडी लावण्याचा वेळ स्वतंत्रपणे मिळवावा.

आपण यंत्रांवर काम करणारी माणसे आहोत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. लेथवर एखादा जॉब कापायला पाच मिनिटे पुरतात; पण त्याच्या सेटिंगला तास लागला, तर दर ठरविताना आपण तो तास सोडून देतो काय? रुग्णालयाच्या भेटीत डॉक्टरांची तपासणी म्हणजे कापकाम, आणि प्रवास, वाहनतळ, केसपेपर, लिफ्ट हे सगळे सेटिंग. दुकानात सेटिंगचा हिशेब चोख ठेवणारा मनुष्य घरच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ‘साडेदहाची वेळ आहे, पावणेदहाला निघू’ असे म्हणतो, ह्याचे नवल वाटते.

ह्या सेटिंगमधला सर्वांत कठीण क्षण रुग्णालयाच्या दारात येतो. गाडी दारापाशी थांबते. मागे दुसरी गाडी भोंगा वाजवीत असते. पहारेकरी ‘पुढे घ्या’ म्हणतो. रुग्णाला उतरवून त्याच्यासोबत आत जावे, तर गाडीचे काय? गाडी लावायला तळघरात जावे, तर रुग्णाचे काय? गाडी चालविणारा आणि सोबत करणारा ही मुळात दोन माणसांची कामे आहेत. आपल्या कुटुंबांत ती एकाच माणसावर येऊन पडतात, आणि मग सत्तर-बहात्तर वर्षांची आई अनोळखी दालनात एकटी उभी राहते. तिच्या पिशवीत फायली आहेत, पण त्यांतील कोणता कागद पुढे करावयाचा हे तिला ठाऊक नाही. भोवती कन्नड आणि इंग्रजी चाललेले असते. तिचे नाव निराळ्याच उच्चारात पुकारले जाते, ते तिला कळत नाही आणि क्रमांक पुढे सरकतो. मुलगा घामाघूम होऊन वर येतो, तोवर डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी गेलेले असतात. भेट पुढच्या आठवड्यावर जाते आणि ‘आता कशाला पुन्हा तो खटाटोप?’ असे म्हणून ती आई पुढच्या आठवड्यात जाण्याचेच टाळते. मधुमेहाने डोळ्यांवर होणारा परिणाम पुष्कळदा जाणवत नाही; तो तपासणीतच सापडतो. म्हणून चुकलेली भेट ही केवळ गैरसोय नव्हे. तिची किंमत कधी कधी दृष्टीने मोजावी लागते.

आता पैशाकडे येऊ. तासागणिक पैसे घेण्याची कल्पना मुळात रुग्णालयासाठी निघालेली नव्हती. पार्किंगचे पहिले यंत्र १९३५ सालच्या जुलैत अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात बसले. दर होता तासाला पाच सेंट. कचेऱ्यांतील लोक सकाळी दुकानांपुढे गाड्या लावून सायंकाळीच नेत आणि गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे. गाड्या लवकर हलाव्यात, हा तासाच्या दराचा हेतू होता. बाजारात तो योग्यच आहे, कारण लवकर निघावे की रेंगाळावे हे गिऱ्हाइकाच्या हाती असते. रुग्णाच्या हाती ते नसते. रक्त तपासणीला गेले, डॉक्टर उशिरा आले, अहवाल दुपारी मिळाला, ह्यांपैकी एकाही गोष्टीवर त्याचा ताबा नाही. म्हणजे रुग्णालयामुळे झालेल्या उशिराचे पैसे रुग्णाने भरावयाचे, असा हा उलटा न्याय होतो.

मग वाहनतळ सर्वांना फुकट करावा काय? स्कॉटलंडमध्ये बहुतेक सरकारी रुग्णालयांतील हे शुल्क २००८ च्या अखेरीस बंद झाले. वेल्समध्येही त्याच वर्षी सुरुवात होऊन २०१८ पर्यंत ते पुरते गेले. इंग्लंडने निराळा मार्ग धरला. तेथे २०२० पासून टप्प्याटप्प्याने अपंग, वारंवार यावे लागणारे बाह्यरुग्ण, रात्री मुलांपाशी राहणारे आईबाप आणि रात्रपाळीचे कर्मचारी ह्यांना ते माफ झाले. उलट बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेतील प्राध्यापक डॉनल्ड शूप ह्यांनी २००५ साली ह्या विषयावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. फुकट वाहनतळ कधीच फुकट नसतो, त्याचा खर्च कोणावर तरी पडतोच, असे त्यांचे सांगणे. हे खरे आहे. आपल्या दाट वस्तीत एखाद्या रुग्णालयाने फाटक मोकळे सोडले, तर शेजारच्या दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या गाड्या सकाळीच जागा अडवतील आणि रुग्ण बाहेरच राहील.

म्हणून इंग्लंडचा मधला मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. उदाहरणार्थ, डायालिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास चालते. वर्षाच्या १५६ खेपा झाल्या. एका खेपेला वाहनतळाचे ५० रुपये पडतात असे क्षणभर धरले, तरी वर्षाला ७,८०० रुपये होतात, आणि ते औषधांच्या खर्चावर. अशा रुग्णाला मासिक पास असावा. बाह्यरुग्णाच्या पावतीवर तपासणीनंतर शिक्का मारून एकच ठराविक आकार घ्यावा. रुग्णाला उतरविण्यासाठी दारापाशी पहिली काही मिनिटे मोकळी असावीत. ह्या मागण्या अवास्तव नाहीत. पुष्कळदा सवलत असते, पण विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. म्हणून वेळ ठरविण्यासाठी दूरध्वनी कराल, तेव्हाच वाहनतळ कोठे आहे, आकार काय, पास मिळतो काय, आणि चाकाची खुर्ची दारात मिळेल काय, हे चार प्रश्न विचारावेत.

दर वेळी मोटारच हवी काय, हाही प्रश्न आहे. आपल्या भागात मेट्रो मार्च २०१४ मध्ये पीण्या इंडस्ट्री स्थानकापर्यंत आली आणि मे २०१५ मध्ये नागसंद्रापर्यंत गेली. जून २०१७ मध्ये हिरवी मार्गिका शहराच्या दक्षिणेपर्यंत सलग झाली. त्यामुळे १९०० साली उघडलेल्या व्हिक्टोरिया रुग्णालयाला जाण्यासाठी कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकावर उतरता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून आर. व्ही. रोडला गाडी बदलून जयदेव हॉस्पिटल ह्या नावाच्या स्थानकापर्यंत जाता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये झाले, हे खरे. तरी इंधन, वाहनतळ आणि चालविणाऱ्याचा जीव ह्यांचा हिशेब मांडल्यास चालत्या-फिरत्या रुग्णाला मेट्रो सोयीची पडते. जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. मात्र त्यासाठी कर्नाटकातील रहिवासाचा पुरावा लागतो. साताऱ्याच्या पत्त्यावर आधारपत्र असलेल्या आईसाठी तिकिटाचे पैसे जवळ ठेवावेत. केवळ अहवाल दाखवावयाचा असेल, तर दूरध्वनीवर काम भागेल काय, हेही डॉक्टरांना विचारावे. मार्च २०२० पासून अशा सल्ल्याला शासनाची नियमावली आहे.

उलट, काही प्रसंगी रुग्णाने स्वतः गाडी चालवूच नये. डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही. गुंगी देऊन दुर्बिणीची तपासणी झाल्यास तो दिवस वाहन वर्ज्य. आणि छातीत कळ आली, अर्धांगाची लक्षणे दिसली, तर वाहनतळाचा विचार करीत बसू नये. कर्नाटकात २००८ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

कारखानदार सभासदांना एक विनंती. आपल्याकडील कामगार राजाजीनगरच्या कामगार विमा रुग्णालयात जातो, तेव्हा त्याचा अर्धा दिवस मोडतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नये. रोजाच्या भीतीने तपासणी टाळणारा कामगार पुढे महिनाभर अंथरुणाला खिळतो, आणि त्यात आपलेही नुकसानच असते.

आता मंडळाने काय करावे, ते सांगून मी आवरते घेतो. पीण्यातच बसवेश्वर बसस्थानक २०१४ साली मोठ्या थाटाने उभे राहिले. पण शहराशी जोडणी पुरेशी नसल्याने प्रवासी तेथे फिरकेनात आणि बसगाड्या परत गेल्या. नुसती जागा असून भागत नाही, ती गरजेच्या ठिकाणी लागते. आपल्या मंडळाजवळ मात्र गरजेच्या ठिकाणची जागा आहे. मल्लेश्वरम्, राजाजीनगर, जयनगर येथे, रुग्णालयांपासून हाकेच्या अंतरावर आपले सभासद राहतात. ज्यांच्या स्वतःच्या आवारात दिवसा एका गाडीची जागा रिकामी असते, त्यांनी ती मंडळाच्या वहीत नोंदवावी. रस्त्यावरची नव्हे, दुसऱ्याच्या फाटकापुढची तर मुळीच नव्हे, आपली स्वतःची. पीण्याचा सभासद आदल्या दिवशी फोन करील, गाडी तेथे लावील आणि काम झाल्यावर घेऊन जाईल.

दुसरी वही सोबत्यांची असावी. निवृत्त झालेले, प्रकृती ठणठणीत असलेले, कन्नड बोलता येणारे किती सभासद येथे बसले आहेत! त्यांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी. रुग्णालयाच्या दारात थांबावे, गाडीतून उतरणाऱ्या काकूंचा हात धरावा, फाईल घ्यावी आणि ‘तुमचा मुलगा गाडी लावून येतो आहे, आपण बसू’ एवढे मराठीत सांगावे. ह्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही, वर्गणी लागत नाही.

अध्यक्षमहाराज, पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ निघाले, ते परक्या शहरात आपले माणूस भेटावे म्हणून. गणेशोत्सवात, कोजागरीला, नाटकाच्या रात्री ते भेटतेच. ते रुग्णालयाच्या दारातही भेटावे, एवढीच माझी सूचना आहे. दोन्ही वह्या आज दाराशी मेजावर ठेवाव्यात, आणि जाताना ज्यांना शक्य असेल त्यांनी आपले नाव लिहावे.