इष्टमित्रांसह यावे



लग्नसराई जवळ आली आहे. घरोघर निमंत्रणपत्रिका येतील आणि तीत छापलेले असेल, 'सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे.' यातील 'इष्टमित्र' या शब्दाचा अर्थ जातिव्यवस्थेने फार आकुंचित करून ठेवला होता. मैत्री कोणाशीही असो, पंक्तीला बसणारा मात्र जातीचाच असे. दुसऱ्या जातीच्या स्नेह्यास नेलेच, तर त्याचे पान दूर अंगणात!

सोबत्याला बरोबर नेण्यात केवढे सामर्थ्य आहे, हे छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात दाखविले. गंगाराम कांबळे यांनी तेथे चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास स्पृश्य मंडळी धजेनात. महाराज त्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवीत. आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तोच चहा घ्यावयास लावीत. एकट्या महाराजांनी चहा घेतला असता, तर लोकांनी ती राजाची लहर मानली असती. सोबत्यांच्या हातीही पेला गेला, म्हणून कांबळे यांच्या दुकानाला मान मिळाला.

भगवान बुद्धांना भोजनाचे निमंत्रण येई, तेही बहुधा भिक्खुसंघासह. उपाली न्हावी ज्या संघात होता, तोच हा संघ. वैशालीच्या आम्रपालीने असेच निमंत्रण दिले. ते आम्हांस दे, लाख देतो, असे लिच्छवी म्हणाले. तिने दिले नाही.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या मंगलकार्यात एखादा तरुण आपल्या मातंग वा चर्मकार मित्राला घेऊन येतो आणि मंडपात कुजबुज होते, 'हा कोणाचा?' धम्मदीक्षा घेतलेल्या घरात हा प्रश्न उमटावा, याची मला लाज वाटते. अशा वेळी यजमानाने स्वतः उठून त्या पाहुण्यास आपल्याशेजारी बसवावे. आणणाऱ्यानेही त्याला दाराशी सोडून नातलगांत मिसळू नये. नाव आणि उद्योग सांगून ओळख करून द्यावी. जात सांगण्याचे कारण नाही.

मात्र मित्राला नेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. आपल्यापैकी पुष्कळांची कार्ये उसनवारीवर होतात. न कळविता चार माणसे नेली, तर शेवटच्या पंक्तीला भाकरी पुरत नाही, आणि त्या पंक्तीला बहुधा घरच्या स्त्रियाच बसतात. म्हणून किती जण येणार, हे आदल्या दिवशीच यजमानास कळवावे.