एफ १.२ चा मोह
(मंडळाच्या हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती तुमची मोठ्ठ्या काचेची लेन्स... घ्यावी का हो आम्ही?" मी "नंतर सांगतो" म्हणून चहाच्या रांगेत पळालो. आज पकडून उभंच केलंय, तेव्हा सुटका नाही. लेन्स सोबत आणली आहे, हातोहात फिरवा. पण दोन्ही हातांनी धरा, जवळजवळ किलोभर वजन आहे.

ही ८५ मिलिमीटरची, एफ १.२, मॅन्युअल फोकस. एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार: फोकल लेंग्थ भागिले अ‍ॅपर्चरचा व्यास. ८५ ला १.२ ने भागलं की येतात ७१ मिलिमीटर. एफ १.८ ला हाच व्यास ४७ मिलिमीटर. म्हणजे एकीचं दार जेवणातल्या पुरीएवढं, दुसरीचं पाणीपुरीतल्या पुरीएवढं. प्रकाश सव्वादोन पट. ऐकायला जोरदार वाटतं, पण फोटोग्राफीच्या हिशोबात हा एका स्टॉपहून जरासाच जास्त फायदा. आणि किंमत? निकॉनची ८५ एफ १.८ जी ही ऑटोफोकस लेन्स ३५० ग्रॅमची. बाकी तुमच्या हातात आहेच!

मग त्या किलोभरात फोकसची मोटर का नाही? एवढं जड काचकाम झटकन हलवून नेमक्या जागी थांबवायला मोटरही तशीच तगडी लागते, आणि तिचे पैसे पडतात. म्हणून छोट्या कंपन्या ती काढूनच टाकतात. मोठ्यांनाही ते सोपं नाही. निकॉनने २०१९ मध्ये ५८ मिलिमीटर एफ ०.९५ 'नॉक्ट' काढली, दोन किलो वजन, आठ हजार डॉलर किंमत, आणि फोकस मात्र हातानेच करायचा!

पूर्वी या लेन्सना खरी गरज होती. कॅननने १९६१ मध्ये एफ ०.९५ ची लेन्स काढली, तेव्हा कोडाक्रोम फिल्मची संवेदनशीलता होती २५. संध्याकाळी घरात फोटो काढायचा तर तेवढं मोठं दार हवंच. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ ०.७ लेन्सवर घेतले. त्यात नटांना जवळजवळ हलायचीच बंदी होती. आज आपले कॅमेरे ६४०० आयएसओवर सहज चालतात. तेव्हा 'अंधारात उपयोगी पडेल' म्हणून ही लेन्स घेणार असाल, तर तो विचार आत्ताच सोडा.

उरतो तो दुसरा मोह, मागचं सगळं विरघळवून टाकणारी धूसरता. इथे थोडा हिशोब करू. फुल फ्रेम कॅमेरा, माणूस दीड मीटरवर, एफ १.२. स्पष्ट दिसणारी खोली सुमारे सव्वादोन सेंटिमीटर! डोळ्यावर फोकस केला तर नाकाचा शेंडा गेला. बसलेला माणूस नुसता श्वास घेताना, मान सावरताना तेवढा सहज हलतो. आणि आपण? आपणही डुलतोच की! बरं, मधोमध फोकस करून मग कॅमेरा दहा अंश वळवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या दोन सेंटिमीटरहून जास्त मागे जाते. म्हणून आधी फ्रेम ठरवायची, मग मिररलेस कॅमेऱ्यात जवळच्या डोळ्याचा भाग मोठा करून फोकस करायचा आणि पाच-सहा फोटो लागोपाठ घ्यायचे. माझे त्यातले एक-दोन लागतात. दिवाळीच्या कार्यक्रमात एका वहिनींचा फोटो मी मोठ्या अभिमानाने दाखवला. नथीचा मोती न् मोती मोजता येत होता. डोळे कुठेतरी धुक्यात! शिवाय पैठणीच्या जरीला फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झाक. विणकराने न घातलेले दोन रंग लेन्सने फुकट घातले.

उन्हातही पंचाईत. भर दुपारी आयएसओ १०० वर एफ १.२ ठेवायचं तर शटर एका सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागाच्याही पुढे जायला हवं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर आठ हजारालाच थांबतं. म्हणजे पुढे गडद फिल्टर लावा. एवढं मोठं दार करायचं आणि वर पडदा सोडायचा!

"मग एफ २ वर वापरा," असं कोणी म्हणेल. वापरतो. फार सुंदर चित्र येतं. पण तेच करायचं तर ती ३५० ग्रॅमची काय वाईट होती?

मला या लेन्सची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी कळली. २०१८ मध्ये आई सहा महिने आमच्याकडे होती. लेन्स नवी, उत्साह दांडगा. आईला खिडकीशी बसवायचो. "झालं का रे? कढईत फोडणी आहे," असं ती म्हणायची, मी म्हणायचो, "हलू नकोस." त्यातले काही फोटो चांगले आले, नाही असं नाही. पांढऱ्या केसांची एकेक बट, डोळ्यांतला खिडकीचा उजेड. पुण्याला ताईला पाठवले. तिचा फोन आला. "छान आहेत रे. पण तुझं घर कुठे आहे यात? आई तिथे काय करते, कुठे बसते, काही दिसतच नाही. असा फोटो इथल्या स्टुडिओतही निघाला असता."

आईची ती शेवटची खेप ठरली. दोनशेच्या वर फोटो आहेत, आणि आमचं स्वयंपाकघर त्यात म्हणजे पिवळसर डाग. फ्रीजवर चिकटवलेलं नातवंडांचं वेळापत्रक, तिने येताना आणलेला खलबत्ता, गॅलरीतली तिची तुळस, सगळं मी हौसेने पैसे मोजून पुसून टाकलं. आज भिंतीवर जो फोटो आहे तो बायकोने फोनवर काढलेला. आई ओट्याशी उभी आहे, मागे कुकर, आणि कडेला धाकटीचा अर्धाच हात. फोकस सगळीकडे आहे.

म्हणजे लेन्स विकून टाकली का? नाही. तिचा एक उपयोग मला उशिरा सापडला. जवळून चेहरा घेताना पार्श्वभूमी एफ २.८ लाही बऱ्यापैकी धूसर होते, तिथे १.२ वाया जातं. उलट तीन मीटरपर्यंत मागे सरका. खोली नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढते, फोकस लागतो, माणूस कमरेच्या वरपर्यंत दिसतो आणि तरी मागच्या गर्दीतून सुटा होतो. मागचं घर मऊ होतं, पण घर आहे हे कळतं. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा पेटी वाजवतानाचा फोटो मी असाच काढला. पेटीवाले बसून असतात, हा मोठा फायदा! मुलांच्या मागे मात्र ही लेन्स घेऊन धावू नका.

तेव्हा विचारणाऱ्यांना सांगतो, आधी एक आठवडा भाड्याने घ्या. तुमच्याकडे निवांत बसणारं कोणी आहे का, आणि तुम्हाला निवांत बसता येतं का, ते बघा. हातात एकच लेन्स ठेवायची असेल, तर ही नको.

माझी लेन्स कुठवर पोचली? आणि पुढचं झाकण कोणाच्या खिशात गेलं असेल तर चहाच्या आधी द्या.