कान कापलेले सभासद



कुत्र्यांचा क्लब म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवळ, गळ्यात पट्टे, अंगावरून ब्रश फिरवलेली कुत्री आणि जबडा उघडून दात तपासणारे परीक्षक. ही रीत साहेबाची. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब निघाला आणि १८९६ साली आपल्याकडेही तशी संस्था उभी राहिली. तिचीच पुढे केनेल क्लब ऑफ इंडिया झाली. मुख्य काम वंशावळीच्या नोंदी ठेवण्याचं. गावठी कुत्र्याला त्या वहीत कोण घेणार? नाही म्हणायला, मुधोळच्या घोरपडे राजांनी दख्खनचं शिकारी कुत्रं जोपासलं, आणि २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही झळकला. आपल्याकडचा धनगर त्याच रक्ताच्या कुत्र्याला नुसतं कारवानी म्हणतो. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं, त्याची जात मात्र आजवर कुणी विचारलेली नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातला क्लब भरतो कंपनीच्या गेटवर. भोसरीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं तिसरी पाळी केली. कॅन्टीनच्या उरलेल्या पोळ्या वॉचमन गेटाबाहेर ठेवायचा आणि चार-पाच कुत्री रात्रभर कुंपणाकडेनं फिरायची. आमचा गणवेश त्यांना पाठ होता. नवख्या मोटारसायकलवाल्याच्या मागे मात्र ती अशी लागायची, की बिचारा पडायचाच बाकी राही. गाडी हळू करून थांबवली की बहुतेक वेळा कुत्रंही थांबतं, हे कळेपर्यंत माझीही एक पँट फाटली होती. कुत्र्याला भिणाऱ्याची चेष्टा मी करत नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस सहसा वाचत नाही. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-तिखट भरत बसू नका.

‘सगळी उचलून न्या’ ही मागणी म्हणूनच समजते. पण कुत्र्याला हद्द असते. एका गेटवरची टोळी नेली की उकिरडा तसाच राहतो, आणि थोड्याच दिवसांत शेजारची, लस न टोचलेली टोळी तिथे येऊन बसते. भटक्या कुत्र्यांविषयीचे २००१ चे आणि नंतर २०२३ चे नियम याच हिशेबानं केलेले आहेत. धरायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि उचललं तिथेच सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून हेच सांगितलं. नोव्हेंबरात मात्र शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारांतून उचललेली पुन्हा तिथे सोडू नका, असं बजावलं. आणि दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्याकडचा खरा घोळ निराळाच आहे. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिका संपते. पुढे चिंबळी, कुरुळी, मग चाकण. कुठे ग्रामपंचायत, कुठे नगरपरिषद, मधे एमआयडीसीचे प्लॉट. महापालिकेची गाडी पुलाअलीकडे थांबणार आणि कुत्री पुलावरून ये-जा करणार! सरकारी हद्द आणि कुत्र्याची हद्द जुळत नाही, तिथेच क्लबची खरी गरज आहे. दोन्ही काठांवर पोळी टाकणाऱ्यांनी एकच वही ठेवावी. कोणत्या गेटवर किती कुत्री, कुणाचा कान कापलेला, कुणाची लस राहिली, एवढं लिहिलं तरी पुरे. वंशावळ नको, पत्ता हवा. खाऊ घालणाऱ्यांनी हे करायलाच हवं. पोळी टाकून पुण्य घ्यायचं आणि पिल्लं शेजाऱ्याच्या दारात, हे मला पटत नाही.

आमच्या गेटवर एक तांबडी होती, डाव्या कानाला खाच असलेली. सिक्युरिटीचं कंत्राट तीनदा बदललं, ती तिथेच राहिली. नवा वॉचमन आला की पहिल्या रात्री बॅटरी घेऊन तो निघायचा आणि तांबडी दहा पावलं पुढे; मागच्या भिंतीला भगदाड कुठे आहे, ते त्याला तिच्याकडूनच कळायचं.