विद्येचे गाव आणि गावाची व्यवस्था : कुंभकोणम्



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात तमिळनाडूतील एका गावाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या कुशीत वसलेले कुंभकोणम् मराठी माणसाला परके नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. शिक्षणामुळे नावारूपाला आलेल्या या गावाने आपल्या मुलांना पुस्तक, स्वच्छ परिसर आणि सुरक्षित छप्पर या साध्या गोष्टी कधी दिल्या आणि कधी दिल्या नाहीत, याचा इतिहास फार बोलका आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तेव्हापासून कारभारी, पंडित आणि कारकून म्हणून मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली. १८५५ मध्ये राज्य संपले, माणसे राहिली. घरात तंजावरी वळणाची मराठी, पेठेत तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा तिपेडी व्यवहार चाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम् येथेच जन्मले. त्यांचे आप्त दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हेही तिथलेच. इंदूरची दिवाणगिरी केलेल्या या गृहस्थांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या जोडीने सामाजिक परिषदेच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि विधवाविवाहाचा पक्ष सनातनी वस्तीत राहून मांडला. पुण्यात बसून तो मांडण्यापेक्षा हे अवघड असावे.

१८५४ मध्ये कुंभकोणम्ला सरकारी शाळा निघाली आणि १८६७ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. केंब्रिजचे पदवीधर डब्ल्यू. ए. पोर्टर आणि तंजावरचे टी. गोपाळराव या दोन शिक्षकांनी त्याला असा लौकिक मिळवून दिला, की लोक गावाला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणू लागले. गोपाळरावांच्या नावाने गावात वाचनालय उभे राहिले. पुतळ्यापेक्षा हे स्मारक निश्चितच शहाणपणाचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री याच गावात शिकले. अर्थात ही दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. अग्रहारातील मुलाला कॉलेज जितके जवळ होते, तितके शेतमजुराच्या मुलाला नव्हते, आणि मुलींचा तर विचारच झाला नव्हता.

कॉलेज असलेल्या गावाचे जीवन कॉलेजच्या आवारात मावत नाही. दुरून आलेले विद्यार्थी घराघरांत जेवणाखाणासह राहतात, गृहिणींच्या संसाराला चार पैशांचा आधार होतो, आणि पुस्तके ओसरीवरून माजघरात शिरतात. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहान घरात असेच झाले. यजमान कापडदुकानात कारकून होते. मिळकत तुटपुंजी, म्हणून घरात विद्यार्थी ठेवले होते. त्यांच्या पुस्तकांवर त्या घरातील मुलाची गणिताची पहिली भूक भागली. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयातील जॉर्ज कार यांचा गणितसूत्रांचा संग्रह एका मित्रामार्फत त्याच्या हाती आला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलने त्याला गणिताचे रंगनाथराव पारितोषिक दिले. त्याच गावच्या कॉलेजने मात्र इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. परंतु हिशेब मांडताना हेही लक्षात ठेवावे, की रामानुजनला परीक्षापद्धतीपेक्षा गावच्या सामाईक पुस्तकांनी अधिक दिले. ग्रंथालयाच्या खर्चाला ज्या ज्या वेळी कात्री लागते, त्या त्या वेळी कारच्या त्या प्रतीची आठवण व्हावी.

विद्येच्या या गावाची दुसरी ओळख मात्र लाजिरवाणी होती. कुंभकोणम् हत्तीपायासाठी कुप्रसिद्ध होते. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा रोग लोकांनी जवळून पाहिला आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. क्युलेक्स जातीचा डास तो पसरवतो, आणि या डासाला घाणेरडे साचलेले पाणी प्रिय. उघडी गटारे, शोषखड्डे, परसातील डबकी, वापरात नसलेल्या विहिरी हे त्याचे माहेर. डास हत्तीपायाच्या जंतूचे वहन करतो, हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ च्या सुमारास दाखवले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. उणीव होती ती त्या ज्ञानाला गल्लीबोळांत नेणाऱ्याची.

ते काम शल्यचिकित्सक डॉ. एम. के. सांबशिवन यांनी अंगावर घेतले. महात्मा गांधींचे अनुयायी असलेल्या या डॉक्टरांनी विलायती कपड्यांची होळी केली होती आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठीही ते झटले होते. त्या काळी हत्तीपायावर खात्रीचे औषध नव्हते. डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये आले. तेव्हा रोग्याच्या पायाशी बसून राहण्यापेक्षा डासाच्या जन्मस्थानाशी जाणेच शहाणपणाचे होते. येथे एक अडचण असते. आपले अंगण कितीही कोरडे ठेवले, तरी शेजाऱ्याच्या परसातील डबक्यातला डास कुंपण ओलांडून येतोच. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत गावातील प्रत्येक डबके उपसले किंवा बुजवले गेले नाही, तर एका घराची मेहनत फुकट जाते. एका कुटुंबाच्या स्वच्छतेने हा रोग हटत नाही आणि नगरपालिकेच्या फतव्यानेही हटत नाही. डॉ. सांबशिवन यांनी गावकऱ्यांनाच कामाला जुंपले. हे काम अशक्य नाही, एवढी एक गोष्ट लोकांच्या मनात उतरवणे हाच त्यांच्या मोहिमेचा अवघड भाग होता.

१९३६ मध्ये डॉक्टर निवर्तले. त्यांचा मुलगा त्या वेळी अवघा अकरा वर्षांचा होता आणि कुंभकोणम्च्याच शाळेत शिकत होता. तो मुलगा म्हणजे कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन. अशक्य हे बहुतेक वेळा माणसाच्या मनातच असते, हा धडा वडिलांच्या डासमोहिमेतून मिळाला, असे ते उतारवयातही सांगत.

लाखोंच्या गर्दीची परीक्षा मात्र वेगळीच असते. गुरू सिंह राशीत असताना नाशिकला सिंहस्थ भरतो, तसा कुंभकोणम्ला बारा वर्षांनी महामहम् भरतो. फरक एवढाच, की येथे नदीऐवजी चारी बाजूंनी पायऱ्या असलेल्या तलावात स्नान होते. १८ फेब्रुवारी १९९२ च्या चेंगराचेंगरीत सुमारे ५० भाविक मरण पावले. नाशिकने २००३ साली असेच दुःख पाहिले. देवाच्या दारीही वाट किती रुंद आहे, याचा विचार आधी करावा लागतो.

त्याहून दारुण घटना १६ जुलै २००४ ची. कुंभकोणम्मधील एका खाजगी शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून ठिणगी उडाली, झावळ्यांचे छप्पर पेटले, आणि वरच्या मजल्यावरील प्राथमिक वर्गांतील ९४ मुले मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत अनेक शाळा चालत होत्या. दाटीवाटीचे वर्ग, अरुंद जिना, पेटणारे छप्पर: यातील कोणतीही गोष्ट गुप्त नव्हती. पालक रोज सकाळी ते छप्पर पाहत होते, तपासणी करणारे अधिकारीही पाहत होते, आणि सवयीमुळे ते कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हते. दीडशे वर्षांची शैक्षणिक परंपरा असलेल्या गावात हे घडले, यावरून परंपरेचा लौकिक आणि जिन्याची रुंदी यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, एवढे उमजते. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. दर वर्षी १६ जुलैला पालक मेणबत्त्या आणि फुले घेऊन जमतात.

या घटनेनंतर दाखल झालेल्या जनहितयाचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अनुस्यूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. शाळांनी अग्निशामक साधने बसवावीत, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे, आवारात ज्वलनशील पदार्थ ठेवू नयेत, आणि इमारतींची तपासणी राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ठरावीक काळाने व्हावी, अशी त्यातील प्रमुख कलमे आहेत. हा निकाल सरकारी शाळांना आहे तसाच खाजगी शाळांना आहे, नव्या इमारतींना आहे तसाच साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींनाही आहे.